प्रश्नचिन्हाला बिनमिठाचं

सोमवार, ३ तारीख
आजही नाही चालली! रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात पथ्याची यादी सकाळी सहाला आपोआप जायला हवी. गेली नाही. नऊला येऊन मी ती पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे माझा छोटा प्रोग्राम, हाताने चालवली, तर सुतासारखी सरळ! साहेब म्हणाले, यादी आपोआप गेली की तुमची रजा मंजूर. लेकीचे दिवस भरत आलेत, पहिलटकरीण आहे. बाळंतपणासाठी नाव इथेच घातलंय, पण तोवर मी तिच्या घरी असायला नको?

मंगळवार, ४
दुरुस्त केली. तीनदा चालवून पाहिली. साहेबांना छातीठोक सांगितलं.

बुधवार, ५
नाही चालली. आज साहेबांच्या खोलीवरून गेलेच नाही.

गुरुवार, ६
सापडलं — मीच मूर्ख! मी लॉगिन केलं की संगणक माझी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स भरतो: कुठला प्रोग्राम कुठे, फाइली कुठे, भाषा कोणती. नव्या संगणक-सुरक्षावाल्याने आपोआप चालणाऱ्या कामांसाठी ती सगळी पुसायची सोय केलीय. म्हणजे सहाला स्क्रिप्ट उठते ती कोरी पाटी घेऊन. आणि मी तपासत होते माझ्याच लॉगिनमध्ये! काखेत कळसा, दुसरं काय. सुरक्षावाला म्हणतो, सगळ्यांना मेल केला होता. केला होता. मी वाचला नव्हता.

मग मीही सगळं पुसून चालवली. लगेच आपटली, सकाळी सहाला आपटते तशीच. इतका आनंद झाला की शेजारच्या टेबलावरची बाई दचकली. फाइलींचे पूर्ण पत्ते स्क्रिप्टमध्येच लिहून टाकले.

शुक्रवार, ७
सहाला गेली! पण भाषा सांगायची राहिली होती. पथ्याचे आकडे धड, आणि प्रत्येक नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. आचारी वर आला, कागद माझ्यापुढे ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "बाई, खाट सातच्या प्रश्नचिन्हाला बिनमिठाचंच ना?"

दुपारी लेकीचा फोन. "आई, कधी येतेस गं?" म्हटलं, एक ओळ राहिलीय. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. कसली मेली यादी!

शनिवार, ८
भाषेची ओळ घातली. सगळं पुसून चालवली, नावं आली. साहेब म्हणाले, उद्या गेली तर परवापासून रजा.

रविवार, ९
सुट्टी असून पावणेसहाला ऑफिसात. घाईत फोन घरीच राहिला. हात मांडीखाली दाबून बसले, कशालाही शिवायचं नाही! सहाला यादी गेली. आपोआप. वरून खाली एकेक नाव वाचत गेले, सगळी धड. प्रसूती कक्ष, खाट चार — माझी लेक! पुढे पथ्य नऊ.

नऊ म्हणजे बाळंतीण.