सगळ्या बाह्या डाव्या हाताच्या

७ जानेवारी

चि. गोगास अनेक आशीर्वाद.

आज दुपारी गॅलरीत ऊन खात बसले होते आणि कशावरून कोण जाणे, आपले रविवारचे बूट आठवले. मागच्या दारच्या पायरीवर आपण दोघी, मधे पांढऱ्या पॉलिशची वाटी, आतून बाबांच्या रेडिओचा आवाज. माझे दोन्ही बूट रंगवून, वाळवून, नाड्या ओवून व्हायचे तरी तुझ्या हातात पहिलाच बूट असायचा. टाचेच्या शिवणीत पॉलिश साचू नये म्हणून तू ते काडीनं उकरत बसायचीस. आई हाका मारून दमायची. गोगलगाय हे नाव तिनं तुला त्या पायरीवरच ठेवलं, त्याचं गोगा मी केलं. सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत मात्र सिस्टर तुझ्या बुटांपाशी क्षणभर थांबायच्या. माझ्या बुटांपाशी कधी थांबल्या नाहीत. याचा मला अजून राग आहे.

बरं, मुद्द्याचं बोलते. चार ओळी हवापाण्याच्या, आणि पाचव्या ओळीत कारखान्यात तुला विभागप्रमुख करताहेत, हे काय पत्र झालं? लहान मुलांचे कपडे बेतण्यात तुझी हयात गेली. टेबलाशी उभं राहून गुडघे गेले. आता केबिन मिळतेय, खुर्ची मिळतेय, तर तू म्हणतेस बघते. यात बघायचं काय आहे? निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली, ती जरा बसून काढ. तुझे भावोजी म्हणतात की खुर्ची फिरती आहे का ते आधी विचार. फिरती असली तर ते स्वतः बसून बघायला येणार आहेत.

लवकर होकार कळव, नाहीतर मीच तुझ्या साहेबाला पत्र लिहीन.

तुझी
ताई

---

२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं, हो म्हटलं. भावोजींना सांग, खुर्ची फिरते, पण कुठंही फिरवली तरी समोर काचच येते.

केबिन छान आहे. कोपऱ्यात एक झाड आहे. मी तीन-चार दिवस त्याला पाणी घातलं, मग शिपायानं हळूच सांगितलं की ते प्लॅस्टिकचं आहे. सकाळी एक मीटिंग असते. दुपारच्या मीटिंगमध्ये काय बोलायचं ते तिच्यात ठरतं. नवे साहेब, म्हणजे मालकांचे धाकटे जावई, फार गोड बोलतात. मला म्हणाले की आता तुम्ही हात चालवायचे नाहीत, डोकं चालवायचं. माझं डोकं हातांतच असतं, हे त्यांना कसं सांगू?

माझी पद्धत तुला माहीत आहे. सकाळी आठ ते दहा फोन बंद, कुणाशी बोलणं नाही. आधी साध्या मांजरपाटावर बेतायचं, ते टाचण्यांनी एखाद्या खऱ्याखुऱ्या मुलाच्या अंगावर लावायचं, त्याला उकिडवं बसवायचं, फळीवरचा डबा काढायला लावायचा. हात वर केल्यावर कोट पोटावरून वर सरकला तर पुन्हा बेतायचं. जमलं की मगच कागदावर उतरवायचं. आता नमुने पडद्यावर तयार होऊन येतात आणि मी खाली सही करते. माझं टेबल मागच्या आवारात नेऊन त्यावर पत्रा झाकलाय, कारण त्याच्या जागी पाहुण्यांसाठी कोच ठेवायचा होता.

ताई, संध्याकाळी दमून घरी येते, आणि आज काय केलं असं स्वतःला विचारलं तर सांगता येत नाही. मूल बेतून दमायचे तेव्हा झोप लागायची.

भावोजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा ठेव, सल्ला जरा कमी कर.

तुझी
गोगा

---

९ फेब्रुवारी

चि. गोगास आशीर्वाद.

मूल बेतून दमायचे, असं लिहिलंयस. कोट बेतून म्हण. तुझे भावोजी दचकले.

नव्या चष्म्यालासुद्धा डोळे रुळायला वेळ लागतो. धीर धर. हात शिवशिवत असतील तर विणकाम घे, मी लोकर पाठवते. आमच्या लेकीचा आता सातवा सरत आलाय. एप्रिलच्या मध्याला आम्ही दोघं तिच्याकडे जाऊ. त्या बाळासाठी कर की काहीतरी. साहेबाशी वाद मात्र घालू नकोस. मी तुला ओळखते. तू तोंडानं भांडत नाहीस, पण मान अशी काही खाली घालतेस की समोरच्याला ते भांडणापेक्षा जास्त लागतं.

तुझी
ताई

---

२० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

लोकर मिळाली. अजून पुडकं उघडलेलं नाही, कारण इथं एक रामायण झालं. नीट समजून घे, मग हस.

कापडाचे थर समोरासमोर तोंड करून लावले तर एका कापात डावी आणि उजवी, दोन्ही बाह्या निघतात. सगळे थर एकाच तोंडाचे लावले, तर नमुना उलटवून उजवी बाही वेगळी आखावी लागते. शाळेच्या कोटांचं कापड दुसऱ्या पद्धतीनं लावणार होते, आणि पडद्यावरच्या नमुन्यात बाही एकच आखलेली होती. तो कागद माझ्याकडे आला तेव्हा मी एका मीटिंगमध्ये होते. विषय होता, नव्या खुर्च्यांचा रंग. एका हातात फोन होता, दुसऱ्या हातानं मी सही केली. माझ्या टेबलाशी उभी असते तर ती चूक मला झोपेतही दिसली असती.

चार दिवसांनी आमचे कटिंग मास्तर वर आले. दोन्ही हातांत एकेक बाही चढवून उभे राहिले. डावा हात ठीक, उजव्या हाताचं कोपर भलतीकडेच वळलेलं. खाली सगळ्या बाह्या डाव्या हाताच्या, ढीगच्या ढीग. सगळे हसले, मीही हसले. मग साहेब म्हणाले की काही हरकत नाही, एवढं नुकसान आम्ही आधीच धरलेलं असतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

ते ओरडले असते तर मी केबिनमध्ये जाऊन रडले असते आणि विसरले असते. पण हरकत नाही म्हणाले!

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी आवारात गेले, पत्रा बाजूला केला, टेबल पुसलं आणि उभी राहिले. फोन केबिनमध्ये ठेवला. तो तिथं त्या प्लॅस्टिकच्या झाडासाठी वाजत असतो. गेल्या महिन्यात एक बाई फाटकाशी येऊन गेली होती. तिच्या मुलीच्या पाठीला कायमचा पट्टा आहे, तिच्या अंगावर कुठलाच कोट बसत नाही. आमच्या कचेरीनं तिला सांगितलं होतं की हे माप आमच्या तक्त्यात नाही. मी तिला बोलावून घेतलं. मुलगी नऊ-दहा वर्षांची, पट्ट्यामुळे ताठ उभी, आणि स्वभावानंही ताठच. मी टाचण्या लावत होते तर तिनं बजावलं की खिसे खाली नकोत, तिला वाकता येत नाही. एवढी वर्षं मी खिसे लावतेय. खिशापर्यंत हात पोचायला वाकावं लागू शकतं, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. खिसे छातीशी लावले. तिनं हात घातले, काढले, पुन्हा घातले, आणि आईला म्हणाली की आता घरी जाऊ या.

साहेब बघायला आले. बरं नाही का, असं त्यांनी फार मायेनं विचारलं. मी सांगितलं की उद्यापासून मला दहाच्या आधी मीटिंगला बोलवायचं नाही. ते हसले. मी हसले नाही.

मान खाली घातली होती का ते आठवत नाही. बहुतेक नव्हती.

तुझी
गोगा

---

२७ मार्च

चि. गोगास आशीर्वाद.

मास्तरांच्या कोपरापर्यंत वाचताना मी इतकी हसले की भावोजी पाणी घेऊन धावत आले. पुढचं वाचलं आणि माझं टाळकंच फिरलं.

मी जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या. गणित चुकलं की लाल गोल. पोरं रडायची, आईबाप भांडायला यायचे. पण आपल्या उत्तराशी कुणाला तरी देणंघेणं आहे, हे त्या पोराला कळायचं. हरकत नाही म्हणणारा माणूस गोड नसतो, त्याला फक्त पर्वा नसते. अशा माणसाच्या हाताखाली एक दिवस काम करू नकोस.

नोकरी मात्र सोडू नकोस. हे दोन्ही एकदम कसं जमवायचं, ते मला विचारू नकोस. मला धास्ती वाटते, गोगा. एकटी आहेस, खोली भाड्याची आहे. पण आठ ते दहा सोडू नकोस. तेवढं धरून ठेव.

तुझी
ताई

---

१४ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

दोन्ही एकदम जमलं नाही.

साहेबांनी बोलावलं, चहा मागवला आणि सांगितलं की एक तर पूर्ण वेळ केबिन, नाहीतर महिनाअखेर निरोप. विचार करायला आठवडा देत होते. मी चहा संपवला, आवारात गेले, टेबलाशी उभ्याउभ्याच राजीनामा लिहिला आणि चहाचा कप परत न्यायला आलेल्या शिपायाच्या हातीच पाठवून दिला.

निरोपाला भिंतीवरचं घड्याळ देतात. मी म्हटलं, घड्याळ नको, ते टेबल द्या. साहेबांना वाटलं मी आठवण म्हणून मागतेय, त्यांचे डोळे जरा ओलावले. एवढ्या जुन्या टेबलाचं काय करणार म्हणाले. मी सांगितलं, काम.

आणि काम आहे, ताई. त्या मुलीच्या शाळेत तिच्यासारखी आणखी मुलं आहेत. कुणाचा एक हात आखूड, कुणी दिवसभर चाकांच्या खुर्चीत. तिचा कोट बघून मुख्याध्यापिकेनं सगळ्यांसाठी कोट मागितलेत. प्रत्येकाचं माप वेगळं, कुठल्याच तक्त्यात नसलेलं. उलट्या-सुलट्या किती बाह्या बेताव्या लागतील कोण जाणे, पण प्रत्येक बाही मी स्वतः बघितलेली असेल.

अडचण एकच आहे. टेबल माझ्या जिन्यावरून चढत नाही. सुतारानं सुचवलं की मधून कापून दोन तुकडे करू. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. दोन गोदामं बघितली. एकात उजेड नाही, दुसऱ्याच्या मालकाला बाईमाणूस भाडेकरू नको. मास्तरांनी टेबलावर ताडपत्री घातलीय. महिनाअखेरपर्यंत जागा मिळाली नाही तर फाटकाबाहेर फुटपाथवर मांडीन आणि तिथंच माप घेईन. येऊ देत साहेबांना मोटारीतून.

काळजी करू नकोस. सल्ला तर अजिबात देऊ नकोस. लेकीला जप.

तुझी
गोगा

---

२२ एप्रिल

चि. गोगास आशीर्वाद.

सल्ला देत नाही, हुकूम देते. टेबल घेऊन आमच्या घरी ये.

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही निघायच्या गडबडीत होतो. मी हातातली बॅग खाली ठेवली आणि आमच्या बाहेरच्या खोलीकडे नीट बघितलं. घर तळमजल्यावर, दोन मोठ्या खिडक्या, सकाळचं ऊन थेट आत. आणि खोली कशासाठी राखलेली? पाहुण्यांसाठी. वर्षातून दोनदा पाहुणे येतात, आणि तेसुद्धा स्वयंपाकघरात येऊन माझ्याशी गप्पा मारत बसतात. इतकी वर्षं मी त्या खोलीची धूळ झटकतेय.

भावोजींना सांगितलं तर आधी रुसले. सोफ्यावर दुपारी झोपायचा त्यांचा हक्क जातो ना. मग टेप घेऊन दार मोजलं आणि गंभीरपणे जाहीर केलं की दाराचं पान काढलं तर टेबल आत येईल. प्रवासात दोन स्टेशनं गप्प होते. तिसऱ्याला विचारलं की मुलं मापाला येतील तेव्हा आकडे लिहून घ्यायला कुणी लागेल का. मी म्हटलं, अर्ज करा.

लोक विचारतील, तुमचा हॉल कुठं गेला. मी सांगेन, कामाला गेला. तुझी खोली सोडून दे. मागच्या खोलीत तू राहा. सकाळी आठ ते दहा तुझ्याकडे कुणी फिरकणार नाही. शेजारीपाजारी, नातेवाईक, फोन, भावोजी, मी, कुणीही नाही. काजं-बटणं मी करीन. चुकले तर उकलून दे, हरकत नाही असं म्हणायचं नाही.

लेकीला मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. महिनाभर आम्ही इथंच आहोत, तोवर खोली लावून घे. आम्ही परत येऊ तेव्हा मला तिथं कापडाचे तुकडे पडलेले दिसले पाहिजेत.

तुझी
ताई

ता. क. टेबल आणणारा टेम्पो रिकामा परत पाठवू नकोस. घर शेजारच्या काकू उघडून देतील. सोफा समोरच्या दंतवैद्याला दे, त्याच्याकडे दात दुखणारी माणसं उभी असतात. भावोजींना तो जाताना बघवणार नाही, म्हणून ते यायच्या आत दे. काचेचं कपाट माझ्या जुन्या शाळेच्या वाचनालयाला. त्यातला सोनेरी काठाचा चहाचा संच आजवर एकदाही वापरलेला नाही, तो कटिंग मास्तरांना. रोज वापरायचा, फुटला तर फुटू दे, असं माझ्या नावानं सांग. गालिचा काकूंना, त्या येता-जाता त्याच्याकडे बघतात. पडदे काढ आणि मागेल त्याला देऊन टाक, तुला उजेड लागेल. टीव्ही भावोजींच्या खोलीत हलव, तो कुणाला देऊ नकोस, मला त्यांच्याबरोबर राहायचंय. बाहेरच्या खोलीच्या आतल्या दाराला आमचा सुतार नवं कुलूप बसवून जाईल. त्याच्या दोन किल्ल्या आहेत. दोन्ही तू घे, आणि मी मागितली तरी मला देऊ नकोस.