फळ्यावरची गाळलेली ओळ

९ जुलै १९४५, वडूज
आज फळा झकास जमला. वाचनालयाच्या भिंतीवरचा हा फळा म्हणजे माझं एकट्याचं वर्तमानपत्र. संपादक मी, छापणारा मी, पुसणाराही मीच. शाळा सुटली की साताऱ्याहून मोटारीने आलेले पेपर चाळायचे आणि सहा ओळींत गावाला जग सांगायचं. आज चार ओळी विज्ञानाला दिल्या. पेनिसिलीन! बुरशीतून काढलेलं औषध, सडत चाललेल्या जखमा भरून येतात. बुरशी कशी ते लोकांना कळावं म्हणून लिहिलं, ‘शिळ्या भाकरीवर येते तसलीच’. पुढची ओळ होती, ‘मात्र ही एकाच जातीची, प्रयोगशाळेत वाढवून शुद्ध करावी लागते’. तेवढ्यात चावडीवरून निरोप : रॉकेलचं वाटप गुरुवारी, फळ्यावर घाला. मग ती ओळ गाळली. खडूही बोटभरच उरलाय. लढाईपायी खडूसुद्धा मिळेना.

सौ. म्हणाली, “रॉकेलची ओळ तेवढी वाचतील बघा.” वाचू देत.

११ जुलै
भागूबाई पत्र वाचून घ्यायला आली. माळावरच्या वस्तीवर राहते. थोरला भीमा लष्करात, धाकटा राऊ शेती बघतो. इटलीत भीमाच्या मांडीत गोळी गेली होती, दोन महिने इस्पितळात होता, हे तिला आज कळतंय. पत्रात : “पेनशिलीनच्या सुया टोचल्या म्हणून पाय वाचला. डाक्टर म्हणाला बुरशीचं औशीद हाय.” वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. परवा फळ्यावर लिहिलं आणि आज ते पत्रातून दारात!

“बुरशी म्हंजी? आपली भाकरीवरची?”

“तीच की. हिरवी-पांढरी.”

“आगं बया! आन म्या उकिरड्यावर टाकत हुते.”

दोघंही हसलो. जाताना माझ्या पाया पडली, जणू भीमाचा पाय मीच वाचवला. मी नको म्हटलं नाही. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२४ जुलै
फळ्यावर डी.डी.टी. लष्करात वापरतात ती भुकटी. उवा, ढेकूण, डास, सगळं खलास. आठ-दहा माणसं जमली. एकजण म्हणाला, “गुरुजी, तेनं फौजदार मरतोय का?” सगळे खो खो हसले, मग लगेच मागं वळून बघितलं. दिवसच तसले आहेत.

मी तिथेच उभ्या उभ्या बोलून गेलो, की आता माणसानं रोगानं मरायचे दिवस संपले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

२ ऑगस्ट
बाजारात वस्तीवरचा एकजण भेटला. बाजरी कोळपताना राऊच्या नडगीला कोळप्याचं पातं लागलं म्हणे, आठवडा झाला. कसा आहे विचारलं तर, “म्हातारीनं औशीद बांधलंय.” कसलं औषध ते विचारायचं सुचलं नाही. झाडपाला असेल, असं धरून चाललो. चहाही प्यायलो त्याच्याबरोबर.

८ ऑगस्ट
अणुबाँब. खडू हातात धरून नुसता उभा होतो. वर्गात सात वर्षं शिकवतोय, अणू फुटत नाही. शेवटी तीनच ओळी लिहिल्या. ‘अणू फुटला. एक बाँब. एक शहर गेले.’ लोक विचारत राहिले, “मान्सं किती मेली?” पेपरात धड काही नाही. उरलेल्या तीन ओळी कोऱ्याच ठेवल्या.

घरी जेवण गेलं नाही. गेले चार महिने विज्ञान विज्ञान म्हणून मीच नाचत होतो.

९ ऑगस्ट
शाळेनंतर वस्तीवर गेलो. राऊ आठवला म्हणून, आणि फळ्याजवळ जायला नको वाटलं म्हणूनही.

वास दारातच आला. राऊ घोंगडीवर. अंग तापलेलं, डोळे तांबडे, ओठ फुटलेले. नडगीला लुगड्याची पट्टी. सोडायला लावली. आत भाकरीचा तुकडा, हिरवा-काळा, मांसात रुतलेला. पाय गुडघ्यापर्यंत टम्म. वर मांडीकडे लाल रेघा गेलेल्या.

मी ओरडलो, “हे करायला सांगितलं कुणी?”

भागूबाई माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. “आवं गुरुजी, आसं काय करताय? तुमीच न्हवं का सांगितलं? फळ्यावर बी लिवलं हुतं म्हनं. रोज ताजी बुरशी बांधतोय. एक दिस चुकिवला न्हाई.”

कोनाड्यात मडकं. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तीन भाकरी. बुरशी नीट धरावी म्हणून म्हातारी फडकं रोज भिजवत होती. भीमाचा पाय वाचला तसा राऊचा वाचवत होती.

१० ऑगस्ट
सकाळीच बैलगाडीतून दवाखान्यात आणला. डॉक्टरांनी जखम धुतली, सल्फाची पूड टाकली, गोळ्या दिल्या. चेहरा काही बरा नव्हता त्यांचा. मग पट्टीतला तो तुकडा चिमट्याने वर धरून म्हणाले, “ही अक्कल कुणाची?”

मी शेजारीच उभा.

भागूबाई म्हणाली, “माजीच की. दुसऱ्या कुनाची आसनार? आडानी मानूस मी.”

डॉक्टर तिला वाट्टेल ते बोलले. मान खाली घालून ऐकत होती. एकदासुद्धा माझ्याकडे बघितलं नाही. एक वाक्य बोलायचं होतं मला. तोंड उघडलं नाही. उभ्या गावापुढे रोज बडबडणारा मी.

बाहेर आल्यावर म्हणाली, “तुमी पोरास्नी शिकिवता. तुमचं नाव खराब हुया नगं.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१३ ऑगस्ट, सातारा
रजा टाकून आलो. मोठ्या दवाखान्यात तीन तास बाकावर बसल्यावर डॉक्टर भेटले. पेनिसिलीन आहे, पण लष्करासाठी. म्हटलं, राऊचा भाऊ लष्करात आहे. म्हणाले, “पाय भावाचा आहे का?”

माझ्याकडे बघून कीव आली असावी. बर्फाच्या पेटीतून कुपी काढून दाखवली. तळाला पिवळसर पूड, चिमूटभर. पाण्यात कालवून दर तीन तासांनी सुई, रात्रंदिवस, आणि बर्फातून काढलं की काही उपयोग नाही. ज्या वस्तूवर मी चार ओळी ठोकल्या ती आज पहिल्यांदा पाहिली. भाकरीवर येते तसलीच! माझी मलाच लाज वाटली.

म्हणाले, सांगलीला न्या, तिथले सर्जन खटपट करतील. वेळ घालवू नका.

१६ ऑगस्ट, सांगली
राऊला मोटारीने कोरेगाव स्टेशनावर आणि तिथून आगगाडीने मिरजेमार्गे आणला. जपान शरण आलाय. मिरज स्टेशनावर कुणी पेढे वाटत होतं. एकाने आनंदाच्या भरात राऊच्या हातावरही पेढा ठेवला. त्याला मूठ मिटता आली नाही. पेढा फलाटावर पडला. भागूबाईने तो उचलून पदराला पुसला आणि विचारलं, “लढाई सपली, म्हंजी भीमा येनार?” म्हटलं, येणार.

सर्जननी पट्टी सोडली आणि पुन्हा झाकली. पाय आजच काढायचा. काढूनही माणूस वाचेल असं नाही, विष वर चढलंय. भागूबाईने अंगठा उठवला.

दुपारी काढला. गुडघ्याच्या वरून.

१८ ऑगस्ट, सांगली
राऊ शुद्धीवर. मला हळूच म्हणाला, “गुरुजी, पाय कुटं टाकला वो?”

मला माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं का? पंचवीस वर्षांचा गडी. जत्रेत कुस्ती धरायचा.

मग म्हणाला, “आईला काय म्हनू नका.”

ताप उतरत नाही. सर्जननी पेनिसिलीनसाठी पुण्याला तार केलीय. आलं की बर्फ लागणार, म्हणून कारखान्यातून लादी आणली, लाकडाच्या भुशात गुंडाळून. सायंकाळपर्यंत भुसा ओला, लादी गायब. औषध आलं नाही.

१९ ऑगस्ट, सांगली
पुन्हा लादी. पुन्हा पाणी. नर्स म्हणाली, “मास्तर, आधी औषध तर येऊ द्या.” तिचं बरोबर आहे. पण मला हातांना काम हवंय.

आज भागूबाईला तोंडाने सांगितलं, चूक तुमची नाही, माझी. एक ओळ लिहायची होती, ती मी गाळली. रॉकेलसाठी. तिला ओळीबिळीचं काही कळलं असेल असं वाटत नाही. बराच वेळ राऊच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत बसली. मग म्हणाली, “लिवलं तुमी, पर बांधलं म्या. निम्मं निम्मं वाटून घिऊ.”

तिने शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

२१ ऑगस्ट, वडूज
रजा संपली. काल तिथून निघावं लागलं. निघेपर्यंत औषध आलं नव्हतं.

सौ.ला सगळं सांगितलं. भांडी घासत होती, हात थांबले. म्हणाली, “चूक फळ्यावर केलीत ना? मग फळ्यावरच सांगा.”

“शाळेत कळेल.”

“कळू दे की. भागूबाईनं किती दिवस झाकायचं तुम्हाला?”

२२ ऑगस्ट
लिहिलं. सहाही ओळी त्याच्याच. उरलासुरला खडू संपवला.

‘भाकरीवरची बुरशी जखमेस लावू नये. जखम सडते, जीव जातो. औषधाची बुरशी निराळी. ती शुद्ध करून सुईने देतात. ९ जुलैस ही ओळ मी गाळली. चूक माझी.’ खाली सही.

वाटलं, आता कुणीतरी तोंडात मारणार. ज्यांना वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवलं. मग मागून एक बाई म्हणाली, “मग कोनाड्यातली टाकून दिऊ व्हय?”

दुसरी म्हणाली, “आमची बी हाय की. मडक्यात.”

एकेक आवाज यायला लागला. पाच घरं मोजली, पुढे मोजवेना. घरोघरी ओली फडकी. माझ्या एका फळ्यापायी.

म्हटलं संपलं, तर आबा पुढे आले. गावातले जुने जाणते शेतकरी, त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. काठी फळ्यावर आपटून म्हणाले, “पुसा ते. माज्या बैलाचा खांदा जुवानं सोललेला. म्या बुरशीच लावली. आट दिसात औताला चालतोय. खरं लिवल्यालं पुसून खोटं का लिवताय?”

बैल बरा झाला हे खरंच. बुरशीमुळे झाला की बुरशी लावूनसुद्धा झाला, हे कसं दाखवू? म्हटलं, “आबा, राऊचा पाय कापला.” आबा म्हणाले, “त्येचं नशीब.” तीन-चार माणसं माना डोलावत त्यांच्या मागे गेली. म्हणजे काही कोनाड्यांत ती भाकरी राहणार.

२३ ऑगस्ट
फळा पुसला नाही. पेपर आले, बातम्या ढीगभर, लोक कुरकुरले. पुसला नाही.

दुपारच्या टपालाने कार्ड. भागूबाईने कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, तारीख २१ ची. ‘औषद आलं. सुया टोचायला लागल्यात. राऊ डोळं उघडत न्हाई. बरफाचं कोन बगंना. तुमी कवा येताय?’

दर तीन तासांनी एक. म्हणजे दोन दिवसांत सोळा सुया. बर्फ कुणी आणला असेल तर. सोळाव्या सुईपर्यंत राऊ असेल तर. सारखा हाच हिशेब करतोय, दुसरं काही सुचत नाही.

हेडमास्तरांना न विचारता उद्याच्या पहिल्या मोटारीने निघतोय. शाळा काय करायचं ते करो. सौ.ला सांगितलं, आबा फळा पुसायला आले तर आडवी उभी राहा. हो म्हणाली. मग चुलीपाशी जाऊन पीठ काढलं आणि विचारलं, वाटेत खायला भाकरी बांधून देऊ का.

नको म्हटलं.