चौसष्ट के आणि तळ्यातली दोन बदकं

२० मे, सोमवार
निर्णय झाला. कॉम्प्युटरची मेमरी वाढवायची. सोळा केवरून थेट चौसष्ट के. १६ जूनला संत अंतोनीच्या जत्रेत, चर्चच्या हॉलमध्ये, बिंगोचे आकडे माझा कॉम्प्युटर काढणार. फादर वाल्मोर हो म्हणाले. ते गेल्याच वर्षी बदलून आलेत, त्यामुळे त्यांना १९८८ची हकिकत माहीत नाही. मीही सांगितली नाही. विचारली असती तर सांगितली असती.

हकिकत इथे लिहून ठेवतो, कारण गावात ती चुकीची सांगितली जाते. या गावातला पहिला कॉम्प्युटर मी घेतला. देशी बनावटीचा, टीव्हीला जोडायचा, प्रोग्राम कॅसेटवर. १९८८च्या जत्रेसाठी मी बिंगोचा प्रोग्राम लिहिला. एक ते पंच्याहत्तर आकडे, एकदा निघालेला पुन्हा निघायचा नाही. पण यंत्राची मेमरी पडली सोळा के. बिचारं निघालेले आकडे विसरायला लागलं. बावीस परत परत यायला लागला. आणि बावीसमधले दोन्ही 2 बदकासारखे दिसतात, म्हणून तो निघाला की आमच्याकडे अख्खा हॉल ओरडतो, तळ्यात दोन बदकं! त्या दिवशी ओरडून ओरडून लोकांचे घसे बसले, बक्षिसाच्या भाजलेल्या कोंबड्या गारढोण झाल्या, आणि शेवटी तेव्हाच्या फादरनी आकडे कोरलेल्या लाकडी गोट्यांचा लोखंडी पिंजरा बाहेर काढला आणि हाताने फिरवून खेळ संपवला.

तेव्हापासून मी बदकोबा. उभा जन्म टायपिंग शिकवण्यात गेला, निम्म्या गावाची बोटं मी वळवली, पण औषधाच्या दुकानात गेलो की काउंटरवरून हाक येते, अहो बदकोबा, तुमच्या प्रेशरच्या गोळ्या आल्या! गावात फक्त इल्का, म्हणजे माझी बायको, मला लाएर्सियो म्हणते. छत्तीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही.

दोष मेमरीचा होता. माझा नव्हता. १६ जूनला सिद्ध होईल.

संकल्प: रोज सकाळी नेमाने काम. कुणाची मदत नाही. चिडायचं नाही.

२१ मेच्या दुसऱ्या दिवशी, बुधवार
आकडा लिहिणार नाही.

काम सुरू. कपाटावरून कॉम्प्युटर काढला. इल्का त्यावर जॅमच्या बरण्या ठेवत आली आहे. एका ऐतिहासिक यंत्राची ही किंमत. वरचं झाकण उघडलं. मेमरीच्या आठ चिपा, एका ओळीत, पक्क्या डाग दिलेल्या. आणि कोपऱ्यात मक्याचा एक दाणा! बिंगो खेळताना लोक कार्डावर हेच दाणे ठेवतात. १९८८मध्ये काही जणांनी माझ्या दिशेने फेकले होते, त्यातलाच. म्हणजे बिघाड बाहेरून झाला असण्याचीही शक्यता आहे. दाणा डबीत जपून ठेवला. पुरावा.

२५ मे, शनिवार
साओ पावलोहून नव्या चिपा आल्या. कॉफीला मेहुणी मार्लीज आली होती. ती दातांची डॉक्टर, त्यामुळे प्रत्येकाने आपल्यासमोर तोंड उघडून गप्प बसावं अशी तिची अपेक्षा असते. म्हणाली, भावोजी, पंच्याहत्तर आकडे लक्षात ठेवायला जागा ती किती लागणार? सोळा केमध्ये अख्ख्या गावाची नावं मावतील, मग घोळ मेमरीचा कसा?

मी म्हणालो, हा थिअरीचा प्रश्न झाला. प्रॅक्टिकलमध्ये यंत्राला मोकळा श्वास लागतो.

मग म्हणाली, असू दे, पण जुन्या चिपांना तीन तऱ्हेची वीज लागते आणि नव्यांना एकच, तेव्हा आधी वायरिंग बदला, नाहीतर जळतील. मी विचारलं, हे कुठून कळलं? म्हणे इंटरनेटवर वाचलं. वाचलं! मी तिच्या क्लिनिकमध्ये जाऊन वाचलेल्या ज्ञानावर कुणाची दाढ काढतो का?

इल्काने कूका केकचा आणखी एक तुकडा तिच्या ताटलीत ठेवला. कुणाच्या बाजूने आहे ते कळलं.

२७ मे, सोमवार
जुन्या चिपा काढल्या. काही सुट्या झाल्या, काही तुकड्यांनी. जेवणाच्या टेबलावर काम केलं, कारण उजेड तिथेच चांगला. टेबलक्लॉथला सोल्डरिंग आयर्नने भोक पडलं. सासूबाईंनी विणलेला होता. इल्काने भोकात बोट घालून बघितलं आणि त्यावर फळांची परडी ठेवली. समजूतदार बाई आहे.

३० मे, गुरुवार, सकाळी ९
कॉर्पस क्रिस्तीचा सण. मिरवणुकीसाठी अख्खं गाव रस्त्यावर रंगीत भुशाचे गालिचे काढतंय. इल्काही गेली. मी येतो म्हणालो होतो, पण इतिहास कुणासाठी थांबत नाही. आठही नव्या चिपा बसवल्या आहेत. आता बटण दाबतो.

३० मे, सकाळी ९.१०
धूर तसा थोडाच होता.

३० मे, दुपार
आठच्या आठ गेल्या. माल निकृष्ट. वायरिंग बदललं असतं तर वाचल्या असत्या असं कुणी म्हणेल, पण चांगल्या चिपेने थोडं तरी सहन करायला हवं. इल्का परत आली, नाक वर करून हुंगलं. मी म्हणालो, मिरवणुकीतला धूप असेल. ती म्हणाली, मी मिरवणुकीतूनच येतेय, तिथे जळक्या प्लास्टिकचा वास नव्हता.

चर्चा वाढवली नाही. दुसरा संच मागवला.

४ जून, मंगळवार
पाठ धरली आहे. काम बंद. वेळ भरपूर आहे.

७ जून, शुक्रवार
वेळ अजिबात नाही आणि यात माझा काही दोष नाही. नव्या चिपा आल्यात, पण त्यांचे पाय इतके बारीक की चष्मा लावला तर हात दिसत नाही आणि हात दिसला तर चिप. एकीचा पाय वाकला. सरळ करताना जास्त वाकला.

८ जून, शनिवार
कॉम्प्युटर घेऊन मार्लीजच्या क्लिनिकमध्ये गेलो. फक्त तिचं भिंग वापरायला. मदत मागायला नाही, हे दारातच स्पष्ट केलं. ती म्हणाली, बरं, द्या इकडे.

खुर्चीत एक गृहस्थ अर्धवट बधिर जबडा घेऊन इंजेक्शन चढायची वाट बघत होते. मार्लीजने डोळ्यांवर भिंग चढवलं, बारीक चिमटे काढले, पाय सरळ केला, कुठली तरी वायर तोडली, कुठली तरी जोडली आणि चिपा एकेक करून बसवल्या. मधून मधून ते गृहस्थ घशातून आवाज काढून मला काहीतरी विचारत होते. तोंड वाकडं असूनही 'बदकोबा' एवढं मात्र स्पष्ट म्हणाले.

टीव्ही जोडला. पडद्यावर आलं: चौसष्ट के. माझे डोळे भरून आले, लपवत नाही. काम माझ्या देखरेखीखाली उत्तम झालं.

११ जून, मंगळवार
फादरना भेटलो. म्हणालो, तो जुना लोखंडी पिंजरा आता ठेवायची गरज नाही. फादर म्हणाले, असू द्या की प्रोफेसर, अडीअडचणीला. मी म्हणालो, फादर, तुम्ही रोज लोकांना श्रद्धा ठेवायला सांगता आणि स्वतः पर्यायी व्यवस्था करता? त्यांनी कोठाराची किल्ली काढून दिली. पिंजरा चर्चच्या बालवाडीला दिला. त्यात आता एक हॅमस्टर, म्हणजे मुलांचा पाळीव उंदीर, राहतो. लाकडी गोट्या मुलांनी वाटून घेतल्या.

१९८८ संपलं.

१४ जून, शुक्रवार
टेस्ट घेतली. कॅसेट लावली, प्रोग्राम पहिल्याच झटक्यात चढला. एक अक्षरही बदललेलं नाही, बदलायचं कारणच नाही. आकडे काढले. एकसष्ट. आठ. सत्तेचाळीस. तीस. चारही वेगवेगळे! पुढे काढणार होतो, पण इल्काला कणीक मळायला टेबल हवं होतं. टेस्ट यशस्वी.

१५ जून, शनिवार
इल्काने माझा पांढरा शर्ट इस्त्री केला. इस्त्री करता करता म्हणाली, लाएर्सियो, अजूनही वेळ आहे, फादरना सांगू, तुमचं पोट बिघडलंय. मी विचारलं, का? ती म्हणाली, लोक ते नाव प्रेमाने घेतात हो, तुम्हीच एकटे मनाला लावून घेता.

प्रेमाने! माझे वडील गेले तेव्हा दफनभूमीत, शवपेटी खाली सोडत असताना, एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, धीर धर, बदकोबा. लोक हसू दाबत होते. मीही दाबत होतो, आणि ते मला आजवर स्वतःला माफ करता आलेलं नाही. मला मरताना तरी लाएर्सियो म्हणून मरायचं आहे.

हे तिला बोललो नाही. म्हणालो, कॉलरला जरा कडक इस्त्री कर.

१६ जून, रविवार, सकाळी ७
आमच्याकडे जून म्हणजे हिवाळा. हवा थंड, आकाश स्वच्छ. कॉलर मानेला टोचते आहे, पण कडक मीच सांगितली होती. निघतो. ही वही आता परत उघडेन तेव्हा या गावात एकही बदक नसेल.

१७ जून, सोमवार
काही लिहायचं नाही.

१८ जून, मंगळवार
लिहितो. नाहीतर हेही गावात चुकीचं सांगितलं जाईल.

हॉल गच्च भरला होता. फादरनी माइकवरून सांगितलं, आता प्रोफेसर लाएर्सियो. प्रोफेसर लाएर्सियो! टाळ्या पडल्या. कॅसेट लावली. प्रोग्राम चढताना ती किंचाळायला लागल्यावर लोकांनी कान झाकले, पोरंटोरं खूश झाली. मग पडद्यावर चौसष्ट के. मी दोन पावलं मागे सरकून सगळ्यांना ते नीट बघू दिलं.

एकसष्ट. आठ. सत्तेचाळीस. तीस. दाणे कार्डांवर पडत होते. सगळं सुरळीत. पहिल्या रांगेत दोना ओतिलिया बसल्या होत्या, चौऱ्याऐंशीच्या, कानाने ठणठणीत. त्यांनी पाचवा आकडा निघायच्या आधीच कार्डावर दाणा ठेवला आणि मोठ्याने म्हणाल्या, आता बदकं.

बावीस निघाला.

हॉल ओरडला, तळ्यात दोन बदकं! मीही हसलो. बावीसलाही एकदा निघायचा हक्क आहे. पण मग पाच निघाला, आणि दोना ओतिलिया शेजारणीला म्हणाल्या, बघ हं, ती परत येतात. त्या वेळी कोंबड्या गार होईपर्यंत ऐकलेत हे आकडे, मेले तरी विसरायची नाही.

बावीस.

सगळ्यांनी आधी पडद्याकडे बघितलं, नंतर वळून माझ्याकडे. मग अख्खा हॉल एकदम फुटला. बाकं बडवली. दाणे उडाले. एक दाणा सरळ कॉम्प्युटरवर आला.

मार्लीज माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिने पडद्यावर प्रोग्राम मागवला, वरून खालपर्यंत वाचला आणि हळूच कानात म्हणाली, भावोजी, तुम्ही निघालेला प्रत्येक आकडा त्याच एका खणात ठेवताय. नवा ठेवला की जुना पुसला जातो. याला फक्त शेवटचा आकडा आठवतो. खण एकच असेल तर घर कितीही मोठं बांधा. आणि बटण दाबलं की आकडे दर वेळी त्याच ओळीने निघणार, ते यंत्राला दर वेळी नव्याने फासे टाकायला तुम्ही सांगितलंच नाही म्हणून.

मी म्हणालो, आता ही वेळ आहे का?

फादरना पिंजरा हवा होता. त्यांना हॅमस्टरची आठवण करून द्यावी लागली. मग लोकांनी आपला आपणच नियम केला: आकडा परत आला की ज्याने त्याने आल्याच्या गरम दारूचा एक घोट घ्यायचा. थोड्याच वेळात बावीससाठी नवस बोलले जाऊ लागले. पहिल्या बक्षिसाचं डुकराचं पिल्लू दोना ओतिलियांनी जिंकलं. फादर हसून हसून डोळे पुसत माइकवर आले आणि म्हणाले, पुढच्या वर्षीही हाच बिंगो, हेच यंत्र, आणि आभार आपल्या... थांबले, लोकांकडे बघितलं, आणि म्हणाले, आपल्या बदकोबांचे.

तेही.

घरी येताना इल्का दोन पावलं पुढे होती. मी कॉम्प्युटर पोटाशी धरून चालत होतो. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, माझ्यासाठी रडतेय. दिव्याखाली आलो तेव्हा कळलं, हसतेय. कोपरा आला तसं तिला चालवेनाच. कुंपणाला धरून उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, हॅमस्टर!

मलाही थोडं हसू आलं. थंडीमुळे असेल.

आता शांतपणे विचार केला तर काही गोष्टी स्पष्ट होतात. एक, हार्डवेअर निर्दोष आहे. दोन, मार्लीजच्या म्हणण्यात तथ्य असेलही, पण एकच खण मी का ठेवला असेन? जागा वाचवायला. म्हणजे मूळ कारण पुन्हा मेमरीच. तीन, चौसष्ट केदेखील या कामाला कमीच आहे, हे मला आधीच वाटत होतं. एकशे अठ्ठावीस केची चौकशी

इल्काने आत्ता स्वयंपाकघरातून हाक मारली. बदकोबा, कॉफी निवतेय.

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

मी ओ दिली.