कामट्यांचा वर्ग

॥ श्री ॥
कोडपेटा, पोस्ट भामरागड, जि. चांदा
ता. २० नोव्हेंबर १९५३

ती. सौ. मनकर्णाबाईस,
धाकट्या भावाचा, सोमाजीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मी इथे खुशाल आहे. दिवाळीला येणं जमलं नाही, राग मानू नको. नदी उतरून वाट नुकतीच मोकळी झाली, म्हणून हे पत्र उशिराचं.

बाई, माझं इथे काही खरं नाही. पाचवीचा वर्ग यंदा नवा उघडला. शाळेच्या ओसरीवर एका टोकाला गुरुजींची चौथी, दुसऱ्या टोकाला मी. पोरं माडिया बोलतात, मी मराठी बोलतो, आणि मधे गणित. वर्गात मंगली नावाची एकच मुलगी आहे. ती अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश करते. तीन वेळा समजावलं, तरी तेच. परवा मी तिच्या हातावर छडी मारली. ती रडली नाही. पाटी तिथेच ठेवून उठली आणि घरी गेली, ती आलीच नाही. आता बाकीची पोरंही एकेक करून गळायला लागली आहेत.

मुखरूभाऊजींची चांद्याच्या कचेरीत ओळख आहे ना? वरोऱ्याकडे बदलीचा शब्द टाकतील का, विचारून पाहा. लहानग्यांना गोड पापा. तुझ्या मायेत कमी पडू देऊ नको.

तुझा,
सोमाजी


॥ श्री ॥
वरोरा
ता. ३ डिसेंबर १९५३

चि. सोमाजीस,
मनकर्णाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझे भाऊजी कापसाच्या गाड्यांत बुडाले आहेत, आणि मोकळे असते तरी मी त्यांना शब्द टाकू दिला नसता. पोरीले मारून तू इकडं पळून येशील, अन् मी तुझ्यासाठी भाकरी थापत बसू काय? आधी तिच्या घरी जा.

दुसरं असं की दोन पंचमांश ही चूक माझ्या वर्गातल्या वकिलाच्या मुलीही करतात. वरचे दोन आकडे मिळवायचे, खालचे दोन मिळवायचे, झालं. त्यांना अर्धा म्हणजे केवढा हे दिसतच नाही. फळ्यावर दिसणारही नाही. हातात द्यावं लागेल. मी आमच्या मुलींना भाकरी मोडून दाखवते. अर्धी, पाव, तिसरा हिस्सा. तूही करून पाहा. घरची ज्वारी अजून शिल्लक असेल.

रात्री पांघरूण घेत जा, तिकडचा ताप वाईट. माजरीच्या एका स्थळाबद्दल मामा विचारत होते. मी म्हटलं, मुलगा आधी पाचवी पास होऊ दे.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
बाई


॥ श्री ॥
कोडपेटा
ता. २२ डिसेंबर १९५३

ती. सौ. बाईस,
सोमाजीचा नमस्कार वि. वि.

तुझी भाकरी फसली. इथे पोरं भात नि आंबील खातात, ज्वारीची भाकरी त्यांना नवलाची. मी अर्धी मोडली, पाव मोडली, तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पोचायच्या आत सगळी भाकरी पोटात गेली. वर आणखी आहे काय म्हणून विचारलं.

त्याआधी मंगलीच्या घरी गेलो होतो. तिचा बाप जंगू अंगणात टोपली विणत होता. बस म्हणाला, पाणी दिलं. मग मोडक्या मराठीत म्हणाला, आमी लेकराले हात लावत नाई, तुमी काऊन लावला? माझ्या मास्तरांनी मला मारलं म्हणून, असं सांगणार होतो, पण ते तोंडातून निघेना. चुकलो म्हणालो. मंगली दारात उभी राहून ऐकत होती. तिच्याकडे वळून तिलाही म्हणालो. जंगूने पुढ्यातली बांबूची कामटी चिरली, पुन्हा चिरली, आणि विचारलं, पोरगी काय चुकली ते तरी सांगा. मी त्याच्याच कामट्या मागून घेतल्या.

दोन हात लांबीची एक अख्खी कामटी ठेवली. बाकीच्यांचे दोरी दुमडून मापलेले तुकडे केले. अर्धा, तिसरा, सहावा. मंगलीने अर्धा आणि तिसरा तुकडा टोकाला टोक लावून ठेवले. बघत राहिली. मग म्हणाली, गुरुजी, हे तर अर्ध्याहून मोठं झालं, अन् दोन पंचमांश अर्ध्याहून लहान असते, मग मी लिहिलं ते कसं होईल? बाई, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. तिने सहाव्या हिश्श्याचे तुकडे खाली मांडले. पाच बसले. जंगूने विणणं थांबवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कामट्यांची मोळी डोक्यावर घेऊन शाळेत आली. गळालेली पोरंही मागोमाग आली.

बदलीचं आता काढू नको. तुझा लोभ नेहमीसारखा राहू दे.

सोमाजी


॥ श्री ॥
वरोरा
ता. १४ जानेवारी १९५४

चि. सोमाजीस,
आशीर्वाद. तिळगूळ पाठवते आहे, पोरांना वाट.

तुझ्यासारख्या कामट्या करून मी वर्गात नेल्या. एका मुलीचे वडील हेडमास्तरीणबाईंकडे आले आणि म्हणाले, पोरीले शिकाले धाडलं, सरपण वेचाले नाई. हेडमास्तरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. मी त्यांच्या टेबलावर अर्धा अन् तिसरा तुकडा मांडून दिला आणि बेरीज करायला लावली. त्या हसल्या, पण तपासणीच्या दिवशी मोळी कपाटात ठेवा म्हणाल्या.

त्यावरून सांगते. तुझ्याकडेही तपासणी येईल. साहेब कामट्या पाहायला थांबणार नाहीत, दिडकीचा पाढा विचारतील. सात दीड किती, हे तोंडावर पाहिजे. खेळात ते विसरू नको.

प्रकृतीची हयगय नको. माझी माया सोबत आहेच.

बाई


॥ श्री ॥
कोडपेटा
ता. ८ मार्च १९५४

ती. सौ. बाईस,
सा. नमस्कार वि. वि.

तू म्हणालीस तेच झालं. साहेब बैलबंडीने आले, थकलेले होते. सात दीड विचारलं. सगळी पोरं गप्प. मंगलीने कामट्या मांडल्या आणि साडेदहा काढून दाखवले. साहेब म्हणाले, छान, पण परीक्षेत कामट्या मिळणार नाहीत. शेऱ्यात लिहून गेले की पाढे कच्चे, जागा अपुरी, सबब सहावी उघडण्याची शिफारस करता येत नाही. एप्रिलच्या परीक्षेला पुन्हा बघू, एवढं तोंडी बोलले.

सहावी नाही म्हणजे पोरांना अहेरीला जावं लागेल. मुलगे कदाचित जातील. मंगली जाणार नाही. जंगूने तसं साफ सांगितलं.

दोन दिवस मी दिडकी घोकून घेतली. पोरं पुन्हा मान खाली घालून बसायला लागली. तिसऱ्या दिवशी मंगली म्हणाली, रेल्यात पाय टाकतो तसं म्हणू काय? रेला म्हणजे इथला नाच. हातात हात गुंफून रांगेने पावलं टाकायची. आम्ही अंगणात सारख्या अंतरावर रेघा ओढल्या. एका उडीत दीड रेघ. दीडला पाय मधे पडतो, तीनला रेघेवर, साडेचारला पुन्हा मधे, सहाला रेघेवर. 'साडे' कुठे येणार ते पायालाच कळतं. मीही रांगेत होतो. साडेसातला पडलो, गुडघा फुटला. गावच्या बायका अजून हसतात.

माझ्यासाठी नव्हे, पोरांसाठी देवाजवळ दिवा लाव.

सोमाजी


॥ श्री ॥
वरोरा
ता. २ एप्रिल १९५४

चि. सोमाजीस,
आशीर्वाद.

दिवा लावला. एक मनात आलं ते लिहिते. वर्ग उघडला नाही तर मंगलीला माझ्याकडे पाठव. आमच्या शाळेत सहावी आहे, घरात जागा आहे. तुझे भाऊजी म्हणाले, दोन पोरी आहेत, तिसरी जड नाही. जंगूशी नीट बोल. घाई करू नको.

वाट पाहणारी,
बाई


॥ श्री ॥
कोडपेटा
ता. १२ जून १९५४

ती. सौ. बाईस,
सोमाजीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

सुट्टीत आलो नाही याचं कारण आता सांगतो.

परीक्षा झाली. साहेबांनी दिडकी उलटसुलट विचारली. पोरं जागेवर बसून उत्तरं देत होती, पण पायांचे अंगठे हलत होते. साहेबांनी हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मग नऊ दीड विचारताना मुद्दाम पायांकडे पाहिलं. सगळी पास झाली. पाढ्यांचा शेरा त्यांनी खोडला. जागेचा मात्र तसाच ठेवला, कारण जागा खरंच नाही.

तुझा निरोप मी जंगूला सांगितला. त्याने तुला रामराम सांगितला आहे. मंगलीला विचारलं, तर ती म्हणाली, बाईकडं मी एकटी जाईन, मग इथल्या बाकीच्यायचं काय? बाई, वाईट वाटून घेऊ नको. तिने ते आदरानेच म्हटलं.

त्या संध्याकाळी गावचे जाणते इसरूबाबा शाळेत आले. जागाच पाहिजे ना, एवढंच विचारून गेले. दुसऱ्या दिवसापासून लोक बांबू आणू लागले. नव्या खोलीची आखणी पोरांनी केली. दोरीला सारख्या अंतराने गाठी मारल्या, बारा भाग केले, टोकं जोडली. तीन भागांवर एक खुंटी, तिथून पुढे चार भागांवर दुसरी, उरलेले पाच तिरके ताणले की कोपरा काटकोनात बसतो. इसरूबाबांचा विश्वास बसेना. चारही कोपरे त्यांनी स्वतः दोरी धरून पुन्हा ताणून घेतले. मग म्हणाले, माह्या घराचा कोपरा पाहाचा हाय, दोरी दोन दिवस दे.

भिंतींचे तट्टे जंगूने विणले. परवा छप्पर चढलं. मंगली आत जाऊन प्रत्येक कोपऱ्यात बसून आली आणि खिडकीजवळची जागा धरली.

नवी खोली झाल्याचं कचेरीला कळवलं आहे, पण सहावीची मंजुरी अजून आलेली नाही. नदी भरली की डाक बंद होईल, म्हणजे कागद आला तरी दिवाळीनंतर हाती पडेल. पोरं रोज विचारतात, सहावी कधी. मी त्यांना येता सोमवार सांगितला आहे.

आता पत्राची वाट पाहू नको, पण माझी आठवण असू दे.

तुझा,
सोमाजी