चिकटवलेली शेपटी

१२ मार्च
जंगलातल्या लॉजवर पोचलो. उद्देश एकच, मेव्हण्याचं पितळ उघडं पाडणं. गेल्या वर्षी हा इथे आला आणि फॅमिली ग्रुपवर एका पक्ष्याचा फोटो टाकला: हिरवी पाठ, शेंदरी पोट, लांब शेपटी आणि तिच्या टोकाला दोन निळ्या चकत्या. मी तिथल्या तिथे लिहिलं, शेपटी कॉम्प्युटरवर चिकटवली आहे. खरी निघाली तर सगळ्यांसमोर माफी मागेन. बायको अजून धुसफुसते. भाऊ ना तिचा.

१३ मार्च, सकाळ
पक्ष्यांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. (मेव्हण्याने सुचवलेलं सोडून मुद्दाम दुसरं घेतलं होतं.) असा पक्षी नाही. विषय संपला. बायको म्हणाली, अहो, जरा बाहेरही बघा. हिला अभ्यास म्हणजे काय ते माहीतच नाही.

१४ मार्च
गाइडबरोबर चिखल तुडवला. उंच फांदीवर एक दुर्मिळ घुबड ओळखलं. गाइड म्हणाला, साहेब, ते वाळवीचं घर आहे. मतभेद असू शकतात.

१५ मार्च, सकाळ
व्हरांड्यात चहा घेत होतो. कठड्यावर एक पक्षी येऊन बसला. हिरवी पाठ, शेंदरी पोट, शेपटीला चकत्या. शेपटी लंबकासारखी हलवत होता. पुस्तकात नाही, म्हणजे नवीन प्रजाती. नाव माझंच देणार. मेव्हण्याच्या पक्ष्याशी वरवर साम्य आहे, पण माझ्याची शेपटी खरी आहे. फोटो ग्रुपवर टाकला.

१५ मार्च, दुपार
मेव्हण्याचा रिप्लाय: भावोजी, शेपटी छान चिकटवलीत. खाली सासूबाईंचा अंगठा. एरवी म्हणे त्यांना मोबाइल जमत नाही.

१६ मार्च
बायकोने पुस्तकाचं कव्हर नाकासमोर धरलं. यातलं जंगल समुद्रापलीकडच्या दुसऱ्याच खंडातलं आहे. म्हणाली, आता माफीचं तेवढं बघा, सगळे वाट बघताहेत.

माफीचा प्रश्नच येत नाही. तत्त्व म्हणून काही असतं. बराच विचार करून ग्रुपवर कळवलं: मेव्हणा म्हणतो ते बरोबर आहे, माझ्याही फोटोतली शेपटी चिकटवलेलीच आहे. असा पक्षी इथे नाही.

हे लिहितोय तर तो पक्षी पुन्हा कठड्यावर येऊन शेपटी हलवतो आहे. मी त्याच्याकडे पाठ करून बसलोय. बायको आम्हा दोघांचा व्हिडिओ काढते आहे.