कोरं रक्त

३ मार्च, मदांग
नोकरी लागली! डोंगरातल्या गोरोकाहून विमानानं या किनाऱ्यावर उतरले आणि इथल्या उकाड्यानं पहिल्याच तासात माझ्या केसांचा थाट उतरवला. काम मात्र सुटसुटीत आहे. हिवतापाच्या रोग्यांचं रक्त गावोगावहून कागदी कार्डांवर वाळून येतं. त्यातून चकती कापायची, औषध विरघळवून काढायचं आणि मास स्पेक्ट्रोमीटरला द्यायचं. पोटात औषध किती गेलं, ते यंत्र सांगतं. तुलनेला औषध नसलेलं, कोरं रक्त लागतं. ते नव्या माणसानं द्यायचं, ही इथली रीत. प्रयोगशाळेचे प्रमुख काउपासाहेब, त्यांनी माझं बोट टोचलं आणि म्हणाले, "आता झालीस तू आमची, पोरी."

१२ मार्च
गमोग, वय तीन. औषध सुरू केल्यावर सातव्या दिवशी रक्त घेतलं, त्याच दुपारी गेला. कार्डावर औषध शून्य. आई सालोम म्हणते, सहाही मात्रा नारळाच्या दुधात कालवून भरवल्या. खोटारडी! मी अहवालावर ठसक्यात सही केली.

२० मार्च
झाडलोट करणाऱ्या म्हातारीला सगळे बुबू, म्हणजे आजी, म्हणतात. ती सालोमच्या गावची. सांगत होती, अहवाल गावात पोचला आणि औषध न देता पोराला तूच मारलंस म्हणून सासरच्यांनी सालोमला हाकललं. ती समुद्रात चालत गेली. मला दिवसभर जेवण गेलं नाही.

२१ मार्च
आज कार्डं पुन्हा तपासली. क्रमांकाच्या चिठ्ठ्या मीच चिकटवल्या होत्या. अदलाबदल झाली. गमोगच्या नावावर शून्य निघालं ते माझं रक्त. गमोगच्या रक्तात औषध आहे, पुरेपूर. साहेबांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. नोकरी जाईल.

२३ मार्च, सकाळ
माझ्या कोऱ्या कार्डात औषध. यंत्र धुतलं. पुन्हा तेच. बोट टोचून ताजं रक्त घेतलं, त्यातही. एका मात्रेएवढं. मी गोळीला हातही लावलेला नाही. तोंडात नारळाच्या दुधाची चव.

संध्याकाळ
वाढलं. दोन मात्रा.

२४ मार्च
चार. बुबूला सगळं सांगितलं. ती मागे सरकली. म्हणाली, "कागदावर तिचं लेकरू तूच ना, बाई? आई आहे ती. औषध चुकवेल होय?"

२५ मार्च, सकाळ
पाचवी — जबडा दाबते — बोटं ओली, खारट. गमोग म्हणते मला. लाडानं —

संध्याकाळ
भीती वाटते. सांगतेच आता. साहेब, अहवाल दुरुस्त करा. सालोमनं सगळं औषध दिलं होतं. चूक माझी — ते रक्त —
सहावा चमचा —
आई, थांब ना, एवढं लिहून —