इंजिन बंद झाल्यावर

ती. बाबा,
तुमच्या ड्रायव्हरणीचा नमस्कार.

मी मजेत आहे. खोली बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. एवढं आईला मोठ्यानं वाचून दाखवा. तुमचा गुडघा काय म्हणतोय?

इथले उस्ताद तुमच्यासारखेच खडूस आहेत. सकाळी ब्रेकच्या हवेचा काटा पुरता चढल्याशिवाय गाडी हलवू देत नाहीत. लांबून आल्यावरही लगेच चावी फिरवायची नाही. तीन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं, नाहीतर तापलेला टर्बो कामातून जातो. तुम्ही घरासमोर गाडी लावून आतच का बसायचात, ते तेव्हा कळलं. आई मात्र चहा निवला म्हणून करवादायची.

पुढचं मनातच वाचा. काल उतारावर माझ्या पुढचा ट्रक उलटला. ड्रायव्हर वाचला, मलाही खरचटलं नाही. मुक्कामाला पोचून मी तीन मिनिटांनी इंजिन बंद केलं, पण तशीच स्टिअरिंग धरून बसले. खाली उतरायला आणखी पाव तास लागला.

बाबा, मी पळत गाडीपाशी यायचे, तेव्हा तुमचंही इंजिन कधीच बंद झालेलं असायचं. तरी तुम्ही आतच बसलेले असायचात, मग मला पाहून हसत उतरायचात.

अशा दिवशी रस्त्यात काय झालेलं असायचं, ते आता तरी सांगाल?

तुमची,
धाकटी